डावा खांदा

मास्तरची रेघ कधी हलत नाही आणि मास्तरचा राग कधी थांबत नाही, या दोन गोष्टी शिवणाच्या कारखान्यात नव्या आलेल्या बाईला पहिल्याच दिवशी सांगितल्या जात. मास्तर म्हणजे बाईच. पण कापड कापणाऱ्याला त्या धंद्यात मास्तरच म्हणतात, आणि तिलाही दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारलेली खपत नसे.

कारखाना लहानसा, दवाखान्यांतल्या कर्मचाऱ्यांचे गणवेश शिवणारा. लांबलचक टेबलावर कापडाचे थरावर थर पसरायचे, सगळ्यात वरच्या थरावर पुठ्ठ्याचे नमुने ठेवून खडूने रेघा मारायच्या आणि मग विजेच्या सुरीने सगळे थर एका दमात कापायचे. डाव्या हातात लोखंडी जाळीचा हातमोजा, उजव्या हातात सुरी. इथे रेघ चुकली तर एक सदरा वाया जात नाही, जितके थर तितके सदरे जातात. शिवणाऱ्या बाईची चूक उसवता येते, कापणारीची कोण उसवणार? म्हणून त्या टेबलाला मान होता, आणि तो मास्तरने कुणाच्या मेहेरबानीने मिळवलेला नव्हता.

पूर्वी ती अशी नव्हती. हे तसं प्रत्येक चिडक्या माणसाबद्दल म्हणतात, पण हिच्या बाबतीत खरं होतं. ती थट्टा करी, स्वतःची थट्टा ऐकून घेई, कापता कापता गुणगुणे. गेल्या काही वर्षांत मात्र काय बिनसलं कोण जाणे. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की डोळा लागे, सकाळी गजर होईपर्यंत झोपे, आणि उठताना रात्रभर पोती वाहिल्यासारखी दमलेली असे. डोकं जड, तोंड कोरडं, डावा खांदा ठणकत. दुपारचा डबा खाल्ला की डोळ्यांवर झापड येई. ती घालवायला ती तोंडावर पाण्याचे हबके मारी, आणि तेवढ्यात कुणी काही विचारलं की त्याच्यावर खेकसे. झोप अनावर झाली की लहान मूल रडतं. मोठ्या माणसाला रडायची सोय नाही, ते खेकसतं.

खांद्याला मलम, डोक्याला गोळी, स्वभावाला औषध नाही, असं सगळं चाललं होतं. सुरी धरायची उजव्या हातात आणि दुखायचा डावा खांदा, हे कोडं मात्र कुणी सोडवायला बसलं नाही.

घरी ती आणि नवरा, दोघंच. नवरा शाळेच्या प्रयोगशाळेत काचेची भांडी सांभाळायचा आणि माणूसही तसाच होता, हळू ठेवणारा, हळू उचलणारा, आवाज न करणारा. आयुष्यात त्याने एक नळी फोडली नाही की कुणाचं मन मोडलं नाही. "तुझा नवरा म्हणजे देवमाणूस आहे हो," असं शेजारणी म्हणत, आणि त्यात 'तुला कसा सोसतो!' हे न बोललेलं वाक्य तिला बरोबर ऐकू येई. तिलाही ते पटलेलं होतं. सगळ्या जगावर तिचा राग होता, एक नवरा सोडून. त्याच्याकडे पाहून तिला स्वतःची लाज वाटे.

मग ते बाह्यांचं झालं.

त्या दिवशी अंगावर आलेलं काम होतं. कापडाला सुलटी आणि उलटी बाजू होती आणि सगळे थर सुलटी बाजू वर ठेवून पसरलेले होते. अशा वेळी बाहीचा नमुना एकदा सरळ ठेवायचा आणि एकदा उलटा करून, म्हणजे एक डावी निघते, एक उजवी. शिकाऊ पोरीलाही हे कळतं. दुपारची वेळ होती. मास्तरने दोन्ही नमुने सरळच ठेवले आणि रेघा मारल्या. शेजारी तिच्या हाताखाली शिकून तयार झालेली धाकटी उभी होती. ती हळूच म्हणाली, "मास्तर, दुसरी बाही उलटी ठेवायची ना?"

"मला शिकवतेस? माझ्या टेबलावर?"

"तसं नाही, मास्तर…"

"तोंड बंद ठेव आणि कापड धर."

धाकटीने तोंड बंद ठेवलं आणि कापड धरलं. सुरी घरघरली. शिवणाऱ्या बायांकडे गठ्ठे गेले तेव्हा आधी एक हसली, मग दुसरी, आणि मग कुणीच हसेना. सगळ्या बाह्या डाव्या निघाल्या होत्या. टेबलावर त्यांचा ढीग पडला होता आणि मास्तर त्या ढिगाकडे अशी पाहत होती, जणू तो दुसऱ्याच कुणी आणून टाकला.

मालकीण वर काचेच्या खोलीत बसायची. दोघींनी एकाच भाड्याच्या खोलीत, शेजारी शेजारी मशीन टाकून सुरुवात केली होती. मालकिणीकडे व्यवहार होता, मास्तरकडे हात. तिने मास्तरला वर बोलावून दार लावलं.

"कापडाचं राहू दे," मालकीण म्हणाली, "धाकटीने सांगितलं होतं तरी तू ऐकलं नाहीस, ते मला झोंबलं. आणि परवा सुरी चालू ठेवून तुझी मान लवली. मी वरून पाहिलं. हातमोजा होता म्हणून बोटं वाचली."

"मान लवली नाही. वाकून पाहत होते."

"माझ्याशी तरी खोटं बोलू नकोस गं." मालकिणीचा आवाज मऊ झाला. "डॉक्टरकडे जा. काही दुखणं असेल तर ते कळू दे, त्यावर इलाज होऊ दे, टेबल तुझंच आहे. मी वाट पाहीन. पण दुखणं काही नसेल, नुसता स्वभावच असेल, तर मी तुझ्या हातात सुरी देऊ शकत नाही. खाली बटणं तपासायला बसावं लागेल. तोवर धाकटी कापेल."

बटणांचं टेबल जिन्याखाली होतं. डोळे अधू झालेल्या, हात थरथरणाऱ्या बायांना तिथे बसवत. मास्तर खाली आली आणि हातमोजा खुंटीला अडकवला.

डॉक्टरीणबाई तरुण होती, पण घाईत नव्हती. तिने रक्तदाब पाहिला, सकाळच्या डोकेदुखीचं विचारलं, दुपारच्या झोपेचं विचारलं, मानेला मोजपट्टी लावली. मास्तरला गंमत वाटली, जन्मभर दुसऱ्यांच्या गळ्याची मापं घेतली आणि आज आपल्या गळ्याचं माप निघालं. मग डॉक्टरीण शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे वळली.

"या झोपेत घोरतात का? मध्येच श्वास थांबल्यासारखा, गुदमरल्यासारखा वाटतो का?"

नवऱ्याने आपल्या गुडघ्यांवरचे हात पाहिले. "नाही हो," तो म्हणाला. "अगदी शांत झोपते."

मास्तरला बरं वाटलं. घोरण्याबिरण्याचं ऐकून तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. बाईमाणसाला विचारायची का ही गोष्ट! डॉक्टरीणबाई म्हणाली, "तरीही एकदा तपासून घेऊ. घरच्या घरी होतं." आणि तिने एक छोटं यंत्र दिलं. छातीला पट्टा, नाकाशी बारीक नळी, बोटाला चिमटा. ते लावून एक रात्र झोपायचं, सकाळी परत आणून द्यायचं. झोपेत कितीदा श्वास अडतो ते त्यात उमटतं.

नवऱ्यानेच पट्टा बांधून दिला. हळू हाताने, कुठे काचू नये म्हणून खाली रुमाल घालून.

अहवाल घ्यायला दोघं पुन्हा गेली तेव्हा डॉक्टरीणबाई कागद उलटसुलट करून पाहत होती. "श्वास थोडा अडतोय," ती म्हणाली, "पण अगदी थोडा. एवढ्याने इतका त्रास व्हायला नको. मला जास्त निघेल असं वाटलं होतं." तिने कागद खाली ठेवला. "कामाचा ताण आहे का? ताणाने झोप बिघडते आणि बिघडलेल्या झोपेने ताण वाढतो. आधी कोंबडी की आधी अंडं, सांगता येत नाही. मन उदास असतं का? रडू येतं?"

"राग येतो," मास्तर म्हणाली.

"तोही त्यातलाच प्रकार. एक गोळी लिहून देते. ती घेऊन बघा."

नवरा पुन्हा गुडघ्यांकडेच पाहत होता. "चला," एवढंच म्हणाला, आणि बाहेर येताना तिच्यासाठी दार उघडं धरून उभा राहिला.

म्हणजे दुखणं काही नव्हतं, आपणच होतो, असं मास्तरने स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी तिने ते मालकिणीला जसंच्या तसं सांगितलं आणि जिन्याखाली जाऊन बसली. समोर बटणांचे डबे, वर जिन्यावरून जाणाऱ्यांची पावलं, आणि पलीकडे तिच्या टेबलावर तिची सुरी दुसऱ्याच्या हातात घरघरत होती. धाकटी कापण्यापूर्वी दर वेळी मान वळवून तिच्याकडे बघे, परवानगी मागितल्यासारखी. मास्तर दुसरीकडे पाही. घरी आली की ती नवऱ्याची माफी मागे, कशाबद्दल ते तिलाही धड सांगता येत नसे. "मी फार वाईट आहे हो," असं एकदा म्हणाली तेव्हा तो म्हणाला, "असं नको म्हणूस," आणि तिच्या खांद्याला मलम चोळून दिलं.

गोळीने राग थोडा बोथट झाला, झोप मात्र दिवसाही पुरेना.

अशातच नवऱ्याला त्याच्या थोरल्या भावाकडे जावं लागलं, भावाच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. "वहिनीला एकटं ठेवू नकोस, तिचं मन बरं नाही," असं सांगून त्याने बहिणीला सोबतीला बोलावलं. ही नणंद पाळणाघर चालवायची. प्रेमळ बाई, पण तोंडाला कुलूप नाही, पोटात एक आणि ओठांत दुसरं हे तिला जन्मात जमलं नाही. देवाने ते जमू दिलं नाही म्हणून ही गोष्ट पुढे सरकली, नाहीतर मास्तर अजून जिन्याखालीच बसली असती.

सकाळी मास्तर उठून स्वयंपाकघरात आली तर नणंद चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसलेली. डोळे लाल, केस विस्कटलेले.

"वहिनी, मी हरले गं बाई," ती म्हणाली. "दादा रोज कसं करतो कुणास ठाऊक. माझ्याच्याने नाही होणार."

"काय नाही होणार?"

"हेच, ढोसायचं. त्याने मला बजावून सांगितलं होतं, तिचा श्वास थांबला की डाव्या खांद्याला जरा जोराने ढोस, म्हणजे ती कुशीवर वळते आणि श्वास सुरू होतो. झोपू नकोस, कान ठेव. अगं पण किती वेळा! घोरणं एक वेळ चालेल, पण मध्येच जे तू गप्प होतेस ना, माझी तर पाचावर धारण बसली. मी आपली मोजतेय, आता घेईल, मग घेईल… माझ्या पाळणाघरातलं एखादं पोर असं करायला लागलं तर मी त्याला उचलून दवाखान्याकडे धावत सुटेन."

मास्तर ओट्याला टेकून उभी होती. तिचा उजवा हात आपोआप डाव्या खांद्यावर गेला. खांदा आज नेहमीइतका ठणकत नव्हता. नणंदेने लवकर हात टेकले होते.

"मी घोरते?" तिने विचारलं.

नणंदेने तिच्याकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला. आता कुठे तिच्या ध्यानात आलं. "तुला… तुला माहीत नाही? अगं, सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे आपल्या घरात सगळ्यांनाच. म्हणून तर लग्नाकार्यात तुला नेहमी वेगळी खोली देतात."

वेगळी खोली! घरात कुठलंही कार्य असलं, बायका दाटीवाटीने एका खोलीत गाद्या टाकून झोपल्या तरी मास्तरला स्वतंत्र खोली मिळे, स्वच्छ चादर, तांब्या-भांडं. तिला वाटायचं, हा आपला मान आहे. कष्टाने मिळवलेला, कमावत्या सुनेचा मान. माहेरी तिने बहिणींना तो चार वेळा ऐकवलाही होता. आणि खोलीचं दार लागल्यावर बाहेर काय बोललं गेलं असेल, काय हसले असतील, हे तिला आता, या ओट्याशी, एका दमात दिसलं.

पण खरी कळ त्याच्यापुढची होती. पट्टा बांधलेली ती रात्र. यंत्र नाकाशी नळी लावून मोजत बसलेलं, आणि शेजारी हा आपला, श्वास थांबला की ढोसतोय, थांबला की ढोसतोय. यंत्राने मोजला तो तिचा श्वास नव्हताच, नवऱ्याचा हात होता. आणि अहवाल हातात घेऊन डॉक्टरीणबाई "मला जास्त निघेल असं वाटलं होतं" म्हणाली तेव्हा हा माणूस तिच्या शेजारी बसून आपले गुडघे पाहत होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे कळसा ज्याच्या काखेत, तोच वळसा घालत सोबत चालत होता.

नवरा परतला तो दुपारी. नणंद निघून गेली होती. जाताना तिने "मी काही बोलले नाही असं समज" म्हणून पाहिलं, पण मास्तरने ते समजायचं नाकारलं. तिने त्याला बूटही काढू दिले नाहीत.

"मी घोरते, माझा श्वास थांबतो, हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

त्याने पिशवी हळूच खाली ठेवली. तेवढ्या हळूपणानेच तिचं टाळकं सरकलं.

"आदळा ती पिशवी! एकदा तरी काही आदळा!"

"बरीच वर्षं झाली," तो म्हणाला. "बस ना जरा."

"नाही बसत. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा शांत झोपते म्हणालात."

"तुझ्यासमोर कसं सांगणार होतो? आठवतंय, लग्न झालं त्या वर्षी मी नुसतं थट्टेत म्हणालो होतो, काय घोरतेस गं, म्हणून. तू किती रडलीस. कितीतरी दिवस खुर्चीत बसून झोपायचीस, मला ऐकू जाऊ नये म्हणून. तेव्हाच ठरवलं, पुन्हा हा विषय काढायचा नाही. म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी आहे ना जागा, मी बघीन."

तिला ते आठवलं. कोवळं वय होतं, नवं घर होतं, आणि ती खरंच रडली होती. त्या नव्या नवरीचा अपमान होऊ नये म्हणून हा माणूस म्हातारपण दारात आलं तरी पहारा देत होता. नवरी कधीच संपली होती, पहारा संपला नव्हता.

"आणि पट्ट्याच्या रात्री?"

"हात आपोआप गेला गं. सवय झालेली. तू गप्प झालीस की माझा हात उठतोच, मला धड जागही येत नाही." तो थांबला. "सकाळी लक्षात आलं होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"अहवाल चांगला आला. वाटलं, बरंच झालं. गोळीने फरक पडेल. आता कशाला…"

त्याचे डोळे खोल गेलेले होते, खाली काळी वर्तुळं. त्यानेही इतकी वर्षं पुरी झोप घेतलेली नव्हती, हे तिला दिसत होतं. दुसरी कुणी असती तर विरघळली असती. मास्तरचंही मन क्षणभर गलबललं. त्याने हात आवरला असता तर एखाद्या रात्री ती उठलीच नसती, कोण जाणे. पण हात चालवत राहिला आणि तोंड मिटून बसला, याला काय म्हणायचं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार ती म्हण तिला आठवली. फक्त इथे मार खाणारीला आपण मार खातोय हेही कळू दिलं नव्हतं.

"उद्या ते यंत्र मी पुन्हा आणणार आहे," ती म्हणाली. "त्या रात्री तुम्ही तुमच्या बहिणीकडे झोपायला जा."

या खेपेला डॉक्टरीणबाईने अहवाल पाहिला आणि खुर्ची पुढे ओढली. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, हवेची वाट बंद होते, शरीर दचकून जागं होतं आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नसतो, असं तिने समजावून सांगितलं. रात्रभर हेच चालतं. बाहेरून वाटतं माणूस डाराडूर झोपलंय, आतून ते बुडता बुडता वर येत असतं. मग दिवसा पेंग येते, चिडचिड होते, मन खचतं. "हे साधंसुधं नाही, बरंच जास्त आहे," ती म्हणाली. "यावर मुखवटा लावून झोपायचं मशीन असतं. हवेच्या दाबाने वाट उघडी राहते. नेमाने वापरा. मग सुरीबद्दल बोलू. आणि मला सांगा, पहिल्या वेळी इतकं कमी कसं आलं?"

"पहिल्या वेळी घरात दुसरं मशीन चालू होतं," मास्तर म्हणाली.

तो अहवाल घेऊन ती थेट काचेच्या खोलीत गेली. मालकिणीने वाचला, पुन्हा वाचला, चष्मा काढला. तिचे डोळे भरले होते. "म्हणजे दुखणंच होतं. आणि मी तुला जिन्याखाली बसवलं. टेबल तुझंच आहे, डॉक्टरांनी हो म्हटलं की हातमोजा घाल." मग तिच्या कपाळावर आठी पडली. "पण मग तुझा नवरा मला वेगळंच का म्हणाला?"

"काय म्हणाला? कधी?"

"बाह्यांचं झालं त्याच संध्याकाळी मी त्याला फोन केला होता. म्हटलं, घरी काही त्रास आहे का, आजारी आहे का ती, रात्री झोपते का नीट. तर म्हणाला, तब्येत उत्तम आहे, झोपही उत्तम. स्वभावच तसा आहे तिचा, पहिल्यापासून तापट आहे, सांभाळून घ्या." मालकीण ओशाळली. "त्याच्याइतकं तुला ओळखणारं कोण? मी विश्वास ठेवला."

"मला विचारायचं होतंस," मास्तर म्हणाली.

"हो," मालकीण म्हणाली. "तुला विचारायचं होतं."

मास्तर जिना उतरून आली. बटणांच्या डब्यापाशी बसली आणि कितीतरी वेळ एकाच बटणाची चार भोकं पाहत राहिली. पहिल्यापासून तापट! जी बाई टेबलाशी गुणगुणत असे, तिला तिच्याच नवऱ्याने फोनवर एका वाक्यात पुसून टाकलं होतं. तोंड मिटून राहिला ते तिने कदाचित कधीतरी गिळलं असतं. पण तो तोंड मिटून राहिला नव्हता. तो बोलला होता.

मशीन घरी आलं. तो मुखवटा, ती नळी, ते पट्टे. पहिल्यांदा घुसमट झाली, मग जमलं. आणि एका सकाळी मास्तर उठली तर खिडकीतलं ऊन तिला नुसतं ऊन दिसलं, डोळ्यांत घातलेली काडी नव्हे. डोकं हलकं होतं. तोंडाला चव होती. तिने डावा खांदा वरखाली करून पाहिला, मग दाबून पाहिला. काही नाही, कळ नाही. कारखान्यात ती धाकटीजवळ जाऊन म्हणाली, "त्या दिवशी तू बरोबर होतीस. पुन्हा मी चुकले तर कापड सोडून दे, पण बोल." धाकटी रडायलाच लागली. बाया एकमेकींना खुणावू लागल्या की मास्तर बदलली. एकदा बटणं तपासता तपासता तिच्या तोंडून सूरही निघाला. पुढे सुरी धरायला डॉक्टरीणबाईनेही होकार दिला.

नवरा हे सगळं पाहत होता आणि त्याचा जीव भांड्यात पडत होता. तोही आता पुरा झोपत होता, त्याच्याही डोळ्यांखालचं काळं उतरलं होतं. डॉक्टरीणबाईने त्याला सांगितलं होतं की झोप सुधारली की चिडचिड ओसरते, मन ताळ्यावर येतं. तो दिवस कधी येतो याची तो वाट पाहत होता. ती त्याच्याशी कामापुरतं बोलायची, आणि त्याला वाटायचं, मशीनला वेळ लागतो.

सुरी पुन्हा हातात घ्यायची होती त्या सकाळी ती लवकर आवरून तयार होती. त्याने चहा करून आणला, कप आवाज न करता तिच्यापुढे ठेवला आणि समोर बसला.

"चेहरा किती टवटवीत दिसतोय तुझा," तो म्हणाला. "छान झोप लागते ना आता?"

"हो."

"कारखान्यातही कुणावर चिडत नाहीस म्हणे."

"नाही चिडत."

तो हसला, जरा धीर आलेला. "म्हणजे गेला म्हणायचा तो राग."

मास्तरने चहाचा घोट घेतला. चहा छान झाला होता आणि तसं तिने सांगितलं. मग कप खाली ठेवून तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. आवाज चढला नाही, खडूची रेघ ओढावी तसं ती बोलली.

"बायको घोरते म्हणायला तुम्हाला लाज वाटली. आणि बायको पहिल्यापासून तापट आहे म्हणायला नाही वाटली?"

त्याचे डोळे गुडघ्यांकडे गेले.

"मीही वाट बघत होते," ती म्हणाली. "रोज सकाळी उठून बघत होते, उतरलाय का. सगळ्यांवरचा उतरला. तुमच्यावरचा तिथेच आहे. झोप पुरी झाली माझी. हा राग झोपेचा नाही, माझा आहे."

तिने कप विसळून पालथा घातला, डबा घेतला आणि निघाली. कारखान्यात धाकटीने कापड पसरून ठेवलं होतं. मास्तरने खुंटीवरचा हातमोजा काढून डाव्या हातात चढवला, बाहीचा नमुना सरळ ठेवून रेघ मारली, मग तो उलटा केला आणि दुसरी मारली.